झोपलेली टोकं

नागपूरहून आलेला अहवाल जेमतेम पाच ओळींचा होता. हेमांगी रेवाळेनं तो सोमवारी सकाळी वाचला, कोकणात लोटे इथल्या कारखान्यातल्या आपल्या प्रयोगशाळेत, जेवणाचा डबा कपाटात ठेवता ठेवता. रुग्णाचं वय सात. नळी बसवून दोन वर्षं झालेली. जागरण नियमाप्रमाणे केलं. व्यासात अपेक्षित वाढ दोन मिलिमीटर, प्रत्यक्षात शून्य पूर्णांक दोन. शेवटी तिथल्या डॉक्टरांनी लिहिलं होतं, ‘बहुधा तांब्याची तार नीट बसली नसावी. सहा महिन्यांनी पुन्हा प्रयत्न करू.’

तार नीट बसली नसेल असं हेमांगीलाही वाटलं असतं. पण तिची नजर नळीच्या क्रमांकावर गेली. एकतीस-चार, म्हणजे एकतिसाव्या बॅचची चौथी नळी. तिनं अहवाल बंद केला आणि लगेच पुन्हा उघडला. आकडा तोच होता. छोट्या दुर्वा भुवडच्या छातीत एकतीस-सहा नंबरची नळी होती, आणि दुर्वाचं जागरण याच गुरुवारी पुण्यात ठरलं होतं.

काही मुलं जन्माला येतात तीच हृदयाकडून फुप्फुसाकडे जाणारी रक्तवाहिनी न घेता. पूर्वी अशा मुलांना कृत्रिम नळी बसवत. मूल वाढायचं, नळी वाढायची नाही. मग दर चार-पाच वर्षांनी छाती उघडायची, जुनी नळी काढायची आणि मोठी घालायची. डॉ. नचिकेत सबनीसांनी जी नळी तयार केली, तिनं हे सगळं थांबवलं. ती नळी मुलाबरोबर वाढायची. कारखान्यात तिचं शास्त्रीय नाव कुणी घेत नसे. सगळे तिला वाढनळी म्हणत.

नळी पॉलिमरची होती. पॉलिमर म्हणजे छोट्या छोट्या रेणूंची लांबच लांब साखळी. साधारण पद्धतीनं अशा साखळ्या वाढवल्या, तर वाढती टोकं केव्हातरी एकमेकांवर आदळतात, चिकटतात आणि दोन्ही साखळ्या कायमच्या थांबतात. तांब्याच्या साहाय्यानं वाढवलेल्या साखळीचं तसं होत नाही. टोकावर ब्रोमीनचा एक अणू बसलेला असतो. तांब्यानं तो उचलला की टोक जागं होतं आणि चार-दोन रेणू जोडून घेतं. तो परत मिळाला की टोक झोपतं. एका वेळी फारच थोडी टोकं जागी, त्यामुळे टक्कर जवळजवळ होतच नाही. काम झाल्यावर तांबं धुऊन टाकायचं. टोकं झोपलेली राहतात, मरत नाहीत. दोन वर्षांनी डॉक्टर मांडीतल्या रक्तवाहिनीतून केसाएवढी तांब्याची तार नळीपर्यंत नेत, सोबत पाण्यात मिसळलेले ताजे रेणू सोडत, आणि नळीच्या भिंतीतली टोकं जिथं थांबली होती तिथून पुढं वाढू लागत. सहा तासांत नळी दोन मिलिमीटरनं रुंद होई. छातीवर चाकू न लावता. यालाच जागरण म्हणत.

हेमांगीनं एकतिसाव्या बॅचची नोंदवही काढली. बॅच एकोणीस नळ्यांची. पहिल्या सात नळ्या एका ड्रममधल्या द्रावकात झालेल्या, उरलेल्या बारा दुसऱ्या ड्रममधल्या. पहिल्या ड्रमच्या ओळीसमोर तिचीच सही होती.

दोन वर्षांपूर्वीचा तो दिवस तिला आठवायची गरज पडली नाही. ती तो विसरलीच नव्हती.

नवे ड्रम दहा दिवस बंदरात अडकले होते. हाताशी एकच ड्रम होता, तोही वापरून झालेलं द्रावक ऊर्ध्वपातन करून परत मिळवलेलं. तसं करणं नियमात बसत होतं. रिॲक्टरवर रुपेश भुवड होता. खेडजवळच्या गावचा, नऊ वर्षं तिच्या हाताखाली काम केलेला, शांत माणूस. ड्रमचं झाकण उघडून तो तिच्याकडे आला.

“मॅडम, ह्याचा वास जरा वेगळा येतोय.”

“कसा वेगळा?”

“गोडसर. त्या पलीकडच्या लाइनवर असतो ना सॉल्व्हंट, तसा.”

तिनं तपासणीचा कागद पाहिला. डीएमएसओ, म्हणजे लागणारं द्रावक, नव्व्याण्णव टक्क्यांवर. अ‍ॅसिटोनायट्राइल शून्य पूर्णांक आठ टक्के. हे पलीकडच्या लाइनवरचं, त्याला परवानगी एक टक्क्यापर्यंत होती. दोन्ही द्रावकं एकाच पाइपमधून गोळा होत असत आणि तो पाइप त्या दिवशी नीट धुतला गेला नसावा. पण आकडा मर्यादेत होता. आणि आठ दिवसांनी ज्या मुलीचं ऑपरेशन होतं, ती रुपेशची पाच वर्षांची मुलगी होती. दुर्वाचे ओठ तेव्हा जिना चढताना जांभळे पडत. डॉ. शाहीन मुकादम, पुण्याच्या सर्जन, तारीख पुढं ढकलायला तयार नव्हत्या.

“मर्यादेत आहे,” हेमांगी म्हणाली होती. “घे.”

रुपेश क्षणभर तिथंच उभा राहिला. मग गेला आणि त्यानं व्हॉल्व्ह उघडला.

नोंदवही घेऊन ती वरच्या मजल्यावर सबनीसांच्या खोलीत गेली. अहवाल त्यांनीही वाचला होता.

“एक केस आहे हेमांगी. एका केसवरून बॅच वाईट ठरत नाही.”

“सर, ती पहिल्या ड्रममधली आहे. त्यात अ‍ॅसिटोनायट्राइल होतं.”

“पॉइंट आठ टक्के. मर्यादा मीच ठरवली होती.”

“साध्या नळीसाठी ठरवली होती. वाढनळी नंतर आली. मर्यादा कुणी बदलली नाही. तुम्ही नाही आणि मीही नाही.”

सबनीसांना तिनं काही नवीन सांगायची गरज नव्हती, ते शास्त्र त्यांनीच तिला शिकवलं होतं. ब्रोमीन उचलला की तांब्यावर अर्धवट प्रभार येतो, आणि डीएमएसओमध्ये किंवा पाण्यात असं तांबं टिकत नाही. त्याचे दोन अणू आपसात देवाणघेवाण करतात. एक पुन्हा धातू होतो, दुसरा पूर्ण प्रभारित. धातू टोकांना जागं करतो आणि पूर्ण प्रभारित तांबं त्यांना झोपवतं. जागवणारा आणि झोपवणारा दोघंही हजर असतात, म्हणून टोकं सुरक्षित राहतात. अ‍ॅसिटोनायट्राइलचं तसं नाही. ते अर्धवट तांब्याला असं काही धरून बसतं, की देवाणघेवाण होतच नाही. झोपवणारं तांबं कमी पडतं, टोकं जास्त वेळ जागी राहतात, गर्दी होते, एकमेकांवर आदळतात आणि मरतात.

आणि शून्य पूर्णांक आठ टक्के हा आकडा ऐकायला लहान होता. पण रिॲक्टरमध्ये तांबं मुळात चिमूटभरच असतं. त्या ड्रममध्ये तांब्याच्या एकेका अणूमागे अ‍ॅसिटोनायट्राइलचे चाळीस रेणू होते.

वाईट गोष्ट ही, की अशी नळी दिसायला चांगलीच दिसते. ताकद तीच, रक्तासाठी तितकीच निर्धोक. सगळ्या चाचण्यांत ती पास होते. फक्त दोन वर्षांनी तिला उठवायला जावं, तर ती उठत नाही. जागरणाची चाचणी बॅचमागे एकाच नळीची होई, शेवटच्या. शेवटची नळी दुसऱ्या ड्रममधली होती.

“साक्षीकड्या आहेत ना?” सबनीसांनी विचारलं.

प्रत्येक नळीच्या टोकाची एक कडी कापून कारखान्यात थंड पेटीत ठेवत. मुलाच्या छातीत काय आहे ते नंतर कधी कळायची वेळ आली, तर साक्षीला असावी म्हणून.

“आहेत. सातही.”

“जाग्या करून बघ. मग बोलू.”

मंगळवारी सकाळी आठ वाजता हेमांगीनं सात काचपात्रं ओळीनं मांडली. प्रत्येकात एक कडी, बारा मिलिमीटर व्यासाची, बोटातल्या लहान अंगठीएवढी. तिनं पाणी आणि रेणू घातले, तांब्याच्या तारा सोडल्या आणि वेळ लिहिली. आठव्या पात्रात दुसऱ्या ड्रममधली एक कडी ठेवली, तुलनेसाठी.

दुपारी दोन वाजता आठव्या पात्रातली कडी चौदा मिलिमीटरची झाली होती. एक ते पाच जशा होत्या तशाच होत्या. सातवीही तशीच.

सहावी वाढली होती, पण एकाच बाजूनं. कडी अंड्यासारखी झाली होती आणि जिथं वाढली होती तिथं तिची भिंत कांद्याच्या पापुद्र्यासारखी पातळ दिसत होती. त्या कडीत काही टोकं जिवंत राहिली होती, बाकीची मेली होती. नागपूरच्या मुलाची नळी निदान जवळजवळ वाढलीच नव्हती. दुर्वाची नळी गुरुवारी जागी केली असती, तर ती एका बाजूला फुगली असती. रक्ताच्या दाबाखाली फुगलेल्या पातळ भिंतीचं काय होतं, हे हेमांगीला कुणी सांगायला नको होतं.

तिनं उभ्या उभ्याच डॉ. मुकादमांना फोन लावला.

“गुरुवारचं रद्द करा, डॉक्टर. एकतीस-सहाला तांबं लावू नका.”

डॉक्टरांनी दोनच प्रश्न विचारले. न छेडता नळी आहे तशी किती दिवस चालेल? आणि आईवडिलांना कोण सांगणार?

“आहे तशी चालेल. ती वाढत जाईल तशी अपुरी पडेल. चार-पाच महिने आहेत,” हेमांगी म्हणाली. “आणि सांगणार मी.”

रुपेश आणि त्याची बायको प्रणाली दुर्वाला घेऊन त्याच सकाळच्या गाडीनं पुण्याला गेले होते.

सबनीसांनी कड्या स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्या. मग त्यांनी औषध प्रशासनाला कळवायचा मसुदा लिहायला घेतला. कुणी सांगण्याची वाट पाहिली नाही. ते वाईट माणूस नव्हते. मसुदा लिहिता लिहिता त्यांनी मान वर केली.

“भुवडशी बोलताना ‘उत्पादनातला दोष’ एवढंच म्हण. ड्रम, वास, सही, हे चौकशीत येईलच. आईबापांना त्या घटकेला रसायनशास्त्र नको असतं. पुढं काय करायचं ते हवं असतं.”

“त्यांनी ते विचारलं तर?”

“विचारणार नाहीत.”

“रुपेश विचारेल सर. तो रिॲक्टरवर होता.”

सबनीसांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. “मग तुला योग्य वाटेल ते कर.”

बुधवारी पहाटेच तिनं गाडी काढली. माणगावला चहा घेतला, ताम्हिणीतून वर आली आणि अकराच्या सुमारास रुग्णालयाच्या तिसऱ्या मजल्यावर पोचली. काय बोलायचं ते तिनं वाटेत चार वेळा मनाशी जुळवलं होतं. त्यातलं पहिलं वाक्यच कामाला आलं नाही.

“मॅडम!” रुपेश खुर्चीवरून उठलाच. “तुम्ही आलात? अगो प्रणाली, बघ कोण आलंय.”

प्रणाली पलंगावर दुर्वाची वेणी घालत होती. ती मनापासून हसली. “ताई, एवढ्या लांबून? फोन तरी करायचा.” दुर्वा आता सात वर्षांची झाली होती. समोरचे दोन दात पडलेले. तिनं हेमांगीला आपली वही दाखवली. कारखान्याचं चित्र होतं, दारात एक बाई उभी होती, बाईच्या डोळ्यांना मोठा गॉगल.

“हे तुम्ही,” दुर्वा म्हणाली.

हेमांगीनं चित्र पाहिलं, चांगलं आहे म्हणाली आणि वही परत दिली. मग त्या दोघांना बाहेरच्या व्हरांड्यात घेऊन गेली. तिथं खिडकीखाली लाकडी बाक होतं. ती बसली नाही.

“उद्याचं जागरण होणार नाही. दुर्वाच्या नळीची टोकं मेलेली आहेत. सगळी नाही, पण बरीच. जागी केली तर नळी फुगेल, फुटेल. नळी काढून नवी घालावी लागेल.”

प्रणालीला पहिल्यांदा काही कळलंच नाही. “नवी घालायची म्हणजे?”

“ऑपरेशन.”

“परत छाती उघडणार?”

“हो.”

प्रणालीनं पदराचं टोक मुठीत धरलं. “पण ह्याच्यासाठीच तर तुमची नळी घातली. परत उघडायला लागू नये म्हणून. डॉक्टर म्हणाल्या होत्या, दुसऱ्यांदा छाती उघडणं पहिल्यापेक्षा अवघड असतं. आतलं सगळं चिकटलेलं असतं.”

“हो,” हेमांगी म्हणाली.

रुपेश तिच्याकडे बघत होता. “कशानं मेली टोकं?”

‘उत्पादनातला दोष’ हे शब्द तिच्या तोंडात तयार होते. ते खोटेही नव्हते.

“तो पहिला ड्रम,” ती म्हणाली. “अ‍ॅसिटोनायट्राइल. कागदावर मर्यादेत होतं, पण मर्यादाच चुकीची होती. ते मला कळायला हवं होतं. मी थांबायला हवं होतं. मी सही केली.”

रुपेश बाकावर बसला.

“आणि तू मला सांगितलं होतंस,” हेमांगी म्हणाली. “वास येतोय म्हणून.”

हे तिनं का सांगितलं, ते तिला नंतरही नीट उमगलं नाही. सगळा दोष आपल्याकडे घ्यायचा होता, त्याच्या बाजूनं साक्ष द्यायची होती. पण प्रणालीनं ते ऐकलं आणि तिची मान हेमांगीकडून नवऱ्याकडे वळली.

“तुला वास आला होता?”

रुपेशनं नजर खाली वळवली.

“तुला आला होता, आणि नंतर तूच ते पोरीच्या नळीत घातलंस?”

“तारीख आठ दिवसांवर होती,” रुपेश खाली बघत म्हणाला. “मला वाटलं, मी फार बोललो तर मॅडम थांबवतील. नवे ड्रम येईपर्यंत थांबावं लागलं असतं. डॉक्टर तर म्हणत होत्या, थांबू नका.”

“मला का नाही सांगितलंस?”

“तुला सांगून काय झालं असतं?”

“दोन वर्षं मी निवांत झोपले नसते. एवढं तरी झालं असतं.”

ती आत गेली. दार तिनं हळूच लावून घेतलं, आपटलं नाही. आतून तिचा आवाज आला, दुर्वाला सांगत होती, उद्या सुई नाही, आपण घरी जाणार. दुर्वा आनंदानं ओरडली.

व्हरांड्यात दोघं राहिले. एवढ्या वर्षांत हेमांगी आणि रुपेश कधी एका बाकावर बसले नव्हते. ती आता बसली.

“मी तुझ्यावर ढकलायला आले नव्हते.”

“माहितीये मला,” रुपेश म्हणाला. “पण मॅडम, मी तेव्हा दुसऱ्यांदा बोललो असतो तर तुम्ही थांबला असतात का?”

तिनं खरंच विचार केला. “ठाऊक नाही. बहुतेक थांबले असते.”

त्यानं मान हलवली. हे उत्तर त्याला नको होतं आणि तरी तेच हवं होतं, असं काहीसं त्याच्या तोंडावर दिसलं.

पुढचे दिवस कामात गेले. वाढनळीचं उत्पादन तीन महिने बंद राहिलं. चौकशी समिती आली, तिनं मर्यादा, पाइपची धुलाई आणि चाचणीचा नियम, तिन्हींवर बोट ठेवलं. हेमांगीचा सहीचा अधिकार वर्षभरासाठी काढून घेतला. तिनं तो निर्णय दोनदा वाचला आणि खाली पोच लिहून दिली. आता प्रत्येक नळीची स्वतःची कडी जागी करून पाहिल्याशिवाय ती नळी कारखान्याबाहेर जात नव्हती. चांगल्या नळ्या बसवलेल्या दोनशेहून अधिक मुलांच्या घरी फोन जात होते, की तुमचं मूल सुखरूप आहे, घाबरू नका. लोक तरी घाबरतच होते. वाईट नळ्यांच्या सातही घरांना हेमांगीनं स्वतः सांगितलं. नागपूरच्या आईनं फक्त एवढंच विचारलं, की ऑपरेशन किती तासांचं. वाशीमच्या एका वडिलांनी अर्ध्यातच फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी त्यांनी आपणहून लावला आणि पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावलं.

नव्या सात नळ्या तयार करायची वेळ आली तेव्हा रुपेश तिच्याकडे आला. तो रजेवरून परतला होता, बोलणं कामापुरतं.

“दुर्वाची नळी दुसऱ्या कुणालातरी करू दे. मी रिॲक्टरवर नको.”

“तुझ्याइतकं चांगलं कुणाला येत नाही रुपेश.”

“येत असेल. पण मला घाई होईल.”

तिनं त्याचं ऐकलं. नळी दुसऱ्या पाळीच्या माणसांनी केली, नव्या सीलबंद ड्रममधल्या द्रावकात. तिची कडी जागी झाली, गोल आणि सारखी, चौदाची सोळा मिलिमीटर. सही दुसऱ्या कुणाची होती. हेमांगी काचेपलीकडून बघत होती. रुपेश आवारात सायकलीजवळ उभा होता. कुणीतरी जाऊन त्याला सांगितलं.

दुर्वाचं ऑपरेशन आठ तास चाललं. आतलं खरोखरच चिकटलेलं होतं आणि रक्त खूप गेलं. ती अकरा दिवस अतिदक्षता विभागात होती. घरी आली तेव्हा हातपाय काडीसारखे झाले होते. शाळेचं एक वर्ष गेलं. पण घरी आली.

सातांपैकी सहा मुलं घरी गेली.

सातवा वाशीमचा होता, नाव अद्वैत. ऑपरेशननंतर चौथ्या दिवशी गेला. हेमांगी वाशीमला गेली. तिला कुणी बोलावलं नव्हतं, सबनीसांनी जाऊ नकोस असं सांगितलं होतं. वडिलांनी तिला ओसरीवर बसवलं. आईनं पाणी आणून दिलं आणि आत निघून गेली. गल्लीतून एक ट्रॅक्टर गेला.

“फोनवर तुम्ही म्हणाला होता, त्याच्या नळीची एक अंगठी तुमच्याकडं ठेवलीय,” वडील म्हणाले.

“कडी. हो.”

“ती आम्हाला द्या.”

ती कडी चौकशीतला पुरावा होती. ती सोडवून घ्यायला हेमांगीला चार महिने अर्ज करावे लागले. पाचव्या महिन्यात ती पुन्हा वाशीमला गेली आणि काचेच्या छोट्या कुपीतली कडी त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती उजेडाकडे धरून पाहिली. “एवढीशी,” म्हणाले. मग तिला बसस्टँडपर्यंत सोडायला आले.

परतीच्या वाटेवर ती खिडकीशी बसून रडली. शेजारच्या बाईनं आपली पिशवी मांडीवर घेऊन तिला जास्तीची जागा करून दिली.

प्रणाली तिच्याशी दोन वर्षं बोलली नाही. खेडच्या बाजारात एकदा समोरासमोर आल्या, तेव्हा प्रणाली भाजीवाल्याशी बोलत राहिली. नवराबायकोत काय चाललंय, ते हेमांगीनं कधी विचारलं नाही. रुपेशनं स्वतःहून बदली मागून घेतली होती, ऊर्ध्वपातनाच्या विभागात. तिथं तो प्रत्येक फेरीनंतर पाइप स्वतः धुवायचा आणि धुतल्याची नोंद स्वतः करायचा. नव्यानं आलेल्या मुलांना वाटे, हा माणूस जरा जास्तच करतो. दिवाळीच्या सुमारास तो म्हणाला, घरी आता बोलणं होतंय. एवढंच म्हणाला आणि वाफेच्या मीटरकडे वळला.

मग एका सोमवारी तिच्या फोनवर त्याचा निरोप आला. ‘गुरुवारी दहाला दुर्वाचं जागरण आहे, पुण्याला. प्रणाली म्हणाली मॅडमना कळव.’

बोलावलंय की नुसतं कळवलंय, ते त्यावरून समजत नव्हतं. ती गेली.

तोच तिसरा मजला. व्हरांड्यात रुपेश येरझाऱ्या घालत होता, तिला बघून त्यानं मान हलवली. प्रणाली खुर्चीत बसली होती. हेमांगी एक खुर्ची मध्ये सोडून बसली. प्रणालीनं त्या मधल्या खुर्चीवर आपली पर्स ठेवलेली होती. ती तिनं उचलली नाही, सरकवलीही नाही.

आत तार नळीपर्यंत पोचली होती. हेमांगीच्या डोळ्यांसमोर सगळं उभं राहत होतं. तांबं एकेका टोकावरचा ब्रोमीन उचलतंय, टोक चार रेणू घेतंय आणि पुन्हा झोपतंय. पण या नळीवर तिची सही नव्हती, आणि आत काही बिघडलं असतं तर तिला काही करताही आलं नसतं. ती इतर आईबापांसारखीच बसून होती. बारा वाजले. रुपेशनं खालून तीन वडापाव आणले. तिघांनी खाल्ले. एक वाजला, दोन वाजले. तीनच्या पुढं कुणी घड्याळ पाहिलं नाही.

चार वाजता डॉ. मुकादम बाहेर आल्या. हिरवी टोपी अजून डोक्यावर होती.

“चौदाची सोळा झाली,” त्या म्हणाल्या. “सगळीकडून सारखी. भिंत जाड आहे. मी तीन बाजूंनी मोजली.”

रुपेश भिंतीला टेकला आणि तसाच खाली बसला. प्रणाली उठली नाही. तिनं डॉक्टरांना विचारलं, “मग आता पुढचं कधी?”

“दोन वर्षांनी. मग पुन्हा दोन वर्षांनी. ती सतरा-अठराची होईपर्यंत.”

डॉक्टर आत गेल्या. प्रणाली हेमांगीकडे वळली. दोन वर्षांत पहिल्यांदाच तिनं थेट तिच्या डोळ्यांत पाहिलं.

“तुम्ही यायचं,” प्रणाली म्हणाली. “दर वेळी.”

“शेवटच्या वेळेपर्यंत मी निवृत्त झालेली असेन, प्रणाली. कारखान्यात मी नसेन.”

“कारखान्याचं कोण बोलतंय? कारखान्यातून कुणी आलं काय, न आलं काय.” तिचा आवाज चढला नव्हता. “माझं काळीज असं सहा तास टांगलेलं असतं. तेवढा वेळ तुम्ही इथं बसायचं, माझ्यासारखं. ही वाढायची थांबेपर्यंत.”

हेमांगीनं हो म्हटलं. मग तिनं पिशवीतून डायरी काढली आणि दोन वर्षांनंतरचं पान त्या डायरीत नव्हतं, म्हणून शेवटच्या कोऱ्या पानावर महिना लिहून ठेवला.